"मूळव्याधच असेल": आतड्याच्या कॅन्सरचा धोका आपण कसा मोजतो

लोकलच्या डब्यात दाराशी उभं राहिलं की ज्या कागदांवर नजर पडते, त्यांत एक हमखास असतो. मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज. खाली मोबाईल नंबर, आणि अर्धा कागद कुणीतरी नखाने खरवडलेला. मुंबईकराचं पोटाखालच्या दुखण्यांविषयीचं शिक्षण बरंचसं या कागदांवर झालंय, असं मला वाटतं. संडासात रक्त दिसलं की निदान शोधायला त्याला कुठे जावं लागत नाही. ते पाठच असतं.

आमच्या लालबागच्या चाळीतले एक काका आठ महिने हेच सांगत होते. वय सत्तावन्न, बेस्टमध्ये ड्रायव्हर, निवृत्ती तोंडावर आलेली. "तीस वर्षं इंजिनच्या गरमीवर बसलोय, दुसरं काय होणार? मूळव्याधच ती. जुनी ओळख आहे आमची." मलम होतं, इसबगोल होतं, काकूंनी आठवड्यातून दोनदा सुरणाची भाजी सुरू केली होती.

काका तसं चुकीचं बोलत नव्हते, आणि सगळी अडचण तिथेच आहे. संडासावाटे रक्त पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मूळव्याध किंवा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, हेच असतं. ब्रिटनमध्ये चाळिशीपुढच्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खालून रक्त जातं म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे आलेल्या दर १०० जणांत दोघा-तिघांनाच मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. म्हणजे उरलेल्या ९७-९८ जणांनी "काही नाही, मूळव्याध असेल" म्हटलं असतं, तर निदान कॅन्सर नाही इतपत ते खरं ठरलं असतं. जो अंदाज शंभरातून सत्त्याण्णव वेळा खरा निघतो, तो माणूस सोडेल कशाला? चाळीत, ऑफिसात, गावाकडे ज्यांना ज्यांना रक्त पडलं त्यांची मूळव्याधच निघाली, असा प्रत्येकाचा अनुभव असतो. राहिलेल्या दोघा-तिघांची गोष्ट आपल्यापर्यंत फार उशिरा पोचते, आणि तीही कुजबुजत.

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. "मला आयुष्यात कधी आतड्याचा कॅन्सर होईल का?" हा एक. "गेले दोन महिने मला हे जे होतंय, ते काय आहे?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लाखो लोकांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असतो, आणि आपल्याकडे तो बराच दिलासा देणारा आहे. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याही नोंदवहीत नसतं, ते तपासूनच कळतं. आपण करतो काय, तर पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो आणि वही मिटून टाकतो.

दिलासा किती खरा?

भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कॅन्सर नोंदणी १९६३ साली मुंबईतच सुरू झाली, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पुढाकाराने. शहरात राहणाऱ्या कुणालाही कॅन्सर झाला, मग तो कुठल्याही रुग्णालयात जावो, त्याची नोंद एका जागी यावी, अशी ती कल्पना. देशोदेशीच्या अशा नोंदींवरून जे अंदाज बांधले जातात, त्यांनुसार २०२२ मध्ये जगात मोठ्या आतड्याच्या आणि त्याच्या शेवटच्या भागाच्या, म्हणजे गुदाशयाच्या, कॅन्सरचे १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण होते आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. नव्या रुग्णांच्या संख्येत हा कॅन्सर तिसरा आणि मृत्यूंत दुसरा. भारतात त्या वर्षी नवे रुग्ण सुमारे ७० हजार. आपली लोकसंख्या बघता हे कमी आहे. पंचाहत्तरीपर्यंत हा आजार होण्याची शक्यता भारतात सरासरी हजारात पाचच्या आसपास येते. ब्रिटन-अमेरिकेत आयुष्यभराचा हाच हिशेब शंभरात चार ते सहा असा आहे.

तेव्हा "आपल्याकडे हा कमीच असतो" हे खरं आहे. फक्त ते "आपल्याकडे" कुणाचं, हे विचारायला हवं. तो आकडा सगळ्या देशाचा आहे, शेतात राबणाऱ्यापासून ते वांद्र्याच्या काचेच्या इमारतीत दहा तास खुर्चीत बसणाऱ्यापर्यंत. शहरांत हा कॅन्सर खेड्यांपेक्षा जास्त आढळतो. जपानमधून हवाईला जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत तो एक-दोन पिढ्यांत वाढून तिथल्या गोऱ्यांच्या बरोबरीला गेला. रक्त तेच, ताट बदललं. रत्नागिरीहून गिरणगावात आलेल्या पणजोबांचा धोका आणि त्यांच्या पणतवाचा धोका एकाच मापाने मोजता येत नाही. वाढलेलं वजन, बैठं काम, सिगारेट, दारू, मधुमेह, ताटातून गेलेल्या भाज्या आणि कडधान्यं, हे सगळं त्यात धरावं लागतं. आणि सगळ्यांत मोठा घटक, ज्याचं कुणी काही करू शकत नाही, तो म्हणजे वय.

टक्क्यांचाही एक घोळ आहे, तो थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलं, आणि रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं सांगितलं. बातमी वाचणाऱ्याला वाटलं, शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर होणार. तसं नव्हतं. मूळ धोका शंभरात पाच असेल, तर तो सहाच्या आसपास जातो. हजारात पाच असेल, तर हजारात सहाच्या आसपास. "किती पटीने वाढला" हे ऐकलं की "कितीवरून" हे विचारायचं, एवढी सवय लावून घेतली तर आरोग्याच्या निम्म्या बातम्यांची धार बोथट होते.

मनातला हिशेब

पण माणसं धोका असा मोजतच नाहीत. लाखात किती, हजारात किती, हे आपण वाचतो आणि पान उलटतो. मनातला हिशेब वेगळ्याच वहीत चालतो.

"जात्यातले रडतात, सुपातले हसतात" ही म्हण आपल्याकडे जात्यावर दळण दळणाऱ्या बायकांनी फार आधी करून ठेवली. मानसशास्त्रात तिला प्रयोगाचा आधार मिळाला १९८० मध्ये. नील वाइनस्टाइन या अमेरिकन संशोधकाने विद्यार्थ्यांना विचारलं, की चांगल्या-वाईट घटनांची यादी बघून सांगा, बरोबरच्या इतरांच्या तुलनेत त्या तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता किती? बहुतेकांनी चांगल्या गोष्टी आपल्याला जास्त आणि वाईट गोष्टी इतरांना जास्त, असं वाटून दिलं. सगळेच सरासरीपेक्षा सुरक्षित कसे असतील? गणितात ते बसत नाही, मनात मात्र व्यवस्थित बसतं. पुढे कितीतरी आजारांबाबत हेच दिसलं, आतड्याचा कॅन्सर त्यांत आलाच.

सुपात असल्याची खात्री पटवायला आपण एक चित्र वापरतो. कॅन्सरचा पेशंट कसा दिसतो? तंबाखू खाणारा, मिश्री लावणारी, गालाला छिद्र पडलेला, केस गेलेला. मुंबईत हे चित्र फार ठसठशीत आहे, कारण ते परळला रस्त्यावर दिसतं. टाटा मेमोरियल रुग्णालय तिथे १९४१ पासून आहे, आणि गावोगावहून आलेली माणसं, तोंडाला रुमाल बांधलेली, आसपासच्या फुटपाथवर बसलेली आपण येता-जाता बघतो. "त्यांना टाटाला नेलंय" एवढं वाक्य महाराष्ट्रात पुरतं, पुढचा शब्द उच्चारावा लागत नाही. आतड्याचा कॅन्सर या चित्रात नाही. तो तोंडावर दिसत नाही, आणि ज्याला झाला तो सांगत नाही. जे उदाहरण पटकन आठवतं ते वारंवार घडत असणार, असं मन धरून चालतं. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली ही गोष्ट. तिची दुसरी बाजू अशी, की ज्याचं उदाहरणच आठवत नाही, ते जणू घडतच नाही.

कधीकधी एखादं उदाहरण अचानक समोर येतं आणि हिशेब उलटतो. अमेरिकेत केटी कुरिक या वृत्तनिवेदिकेच्या नवऱ्याचा या कॅन्सरने मृत्यू झाला, आणि तिने मार्च २००० मध्ये स्वतःची दुर्बिणीची तपासणी, म्हणजे गुदद्वारातून नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, टीव्हीवर दाखवली. त्यानंतरच्या महिन्यांत तिथे या तपासण्या लक्षणीय वाढल्या. २०२० मध्ये चॅडविक बोसमन हा नट त्रेचाळिसाव्या वर्षी गेला, तेव्हा आपल्याकडच्याही कितीतरी तरुणांना हा आजार असतो हे पहिल्यांदा कळलं. आकडे आदल्या दिवशी होते तेच होते. चेहरा तेवढा मिळाला.

ओळखीचा धोका छोटा वाटतो, हेही मुंबईकराला सांगायला नको. उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, दारातून पडून, अशा सगळ्या प्रकारांनी वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. तरी सकाळच्या विरार लोकलला दारात लटकणारा माणूस स्वतःला धोक्यात समजत नाही. तो रोजचा आहे, आपल्या मर्जीने घेतलेला आहे, हात घट्ट आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवलं की माणूस धोक्याला मृत्यूंच्या संख्येवरून जोखत नाही. तो किती भयानक वाटतो आणि किती अनोळखी आहे, यावर जोखतो. या मापाने मूळव्याध घरची आणि कॅन्सर परका. एकाच रक्ताच्या डागाला दोन नावं देता येत असतील, तर मन घरचंच नाव देणार.

"आमच्यात कुणाला नाही"

ही सगळ्यात लाडकी ढाल. घराण्यात नाही म्हणून मला नाही. प्रत्यक्षात या कॅन्सरच्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांच्या घरात आधी कुणालाच तो झालेला नसतो. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला झाला असेल तर आपला धोका अंदाजे दुप्पट होतो, हे खरं. त्यांना तो पन्नाशीच्या आत झाला असेल तर आणखी जास्त. लिंच सिंड्रोमसारखे सरळ जनुकांतून उतरणारे प्रकार थोडे आहेत, पण त्या घरांत धोका फार मोठा असतो.

शिवाय आपल्या घराण्याचं आपल्याला ठाऊक तरी काय असतं? माझे एक चुलत आजोबा "पोटात गोळा झाला" म्हणून गेले. आजी "आव लागली आणि सुकत गेली". कुणाच्या "अंगात रक्तच राहिलं नव्हतं". गावात तेव्हा ना दुर्बीण होती ना तुकडा तपासायची सोय. ही वाक्यं कॅन्सरचीच असतील असं नाही, पण ती कॅन्सरची नव्हती हेही त्यांवरून ठरत नाही. आजही निदान झाल्यावर घरातले कॅन्सर न म्हणता "सीए आहे" असं दबक्या आवाजात बोलतात आणि पुतण्यांपर्यंत ते पोचत नाही. त्या पुतण्यांनी मग "आमच्यात कुणाला नाही" असंच सांगायचं.

दुसरी ढाल ताटाची. "आम्ही माळकरी, मांसमच्छी घरात नाही." भाजी-भाकरी, उसळ, ताक हे आतड्याला चांगलंच. पण शाकाहारी म्हणजे भाजी खाणारा असं मुंबईत राहिलेलं नाही. मैद्याचा पाव, फरसाण आणि चहा यांवर दिवस काढणारा माणूसही शाकाहारीच असतो. धोका कमी होणं आणि धोका नसणं यांत अंतर आहे.

तिसरी ढाल वयाची. इथे मात्र आकडे दोन्ही बाजूंनी फसवतात. टाटा मेमोरियलमधल्या सुमारे ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७ होतं. पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे असतं. हे वाचून "भारतात हा तरुणांचाच आजार" असं म्हणायचा मोह होतो. पण आपला देशच तरुण आहे. वर्गात मुलं जास्त असली, तर नापासांतही मुलंच जास्त दिसतील. पस्तिशीतल्या एका माणसाचा धोका त्याच्या पासष्टीच्या वडिलांपेक्षा आजही खूप कमी आहे. तरी "तिशी-चाळिशीत होतच नाही" हेही चूक, आणि बऱ्याच देशांत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तो खरोखर वाढतो आहे. अमेरिकेने तर २०२१ मध्ये नियमित तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं.

बायकांचं प्रकरण आणखी निराळं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर रक्त बहुतेकदा डोळ्यांना दिसतच नाही, ते थेंबथेंब झिरपतं आणि हळूहळू हिमोग्लोबिन उतरतं. थकवा, धाप, पांढरी पडलेली नखं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. जिथे निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी, तिथे कमी रक्त ही लक्षण म्हणून नजरेत भरतच नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, पाळी गेली असली तरी दिल्या जातात. पाळी थांबलेल्या बाईचं किंवा कुठल्याही पुरुषाचं लोह कमी झालं असेल, तर ते जातंय कुठे हे शोधायलाच हवं. बद्धकोष्ठाचं तर विचारू नका. ठाण्याहून चर्चगेटला जाणारी बाई दिवसभर पाणी कमी पिते, कारण वाटेत धड संडास नाही. तिच्या पोटाच्या तक्रारीला कारण आधीच तयार असतं.

भीतीचा हिशेब

आतापर्यंत बोललो ते धोका कमी वाटणाऱ्यांबद्दल. पण काही जणांना तो नीट वाटतो, म्हणूनच ते जात नाहीत. "निघालं तर?" आणि त्यामागे "पिशवी". शौच गोळा करायला पोटावर लावायची ती पिशवी बऱ्याच लोकांना कॅन्सरपेक्षा जास्त घाबरवते. गुदाशयाच्या अगदी खालच्या गाठींमध्ये ती कायमची लागू शकते. अनेकांना ती काही महिन्यांपुरती लागते, आणि अनेकांना लागतच नाही. "असेल नशिबात तर होईल" हेही ऐकू येतं. या आजारात ते सगळ्यांत कमी लागू पडतं. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की गाठ आतड्यापुरती असताना सापडली, तर पाच वर्षांनंतर दहापैकी नऊ जण जिवंत असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर दहापैकी एक-दोन. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे बहुतेक गाठी आधी साध्या कोंबाच्या, पॉलिपच्या रूपात असतात, आणि कोंबाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तो दुर्बिणीतूनच कापून काढता येतो. नशिबाने एवढी लांब मुदत फार थोड्या आजारांत दिली आहे.

आणि आपला धोका किती असं विचारलं, तर काही जण नुसतं "माहीत नाही" म्हणतात. पाहण्यांमध्ये ही उत्तरं बाजूला टाकायची पद्धत होती. मला ती सगळ्यांत प्रामाणिक वाटतात. या माणसाला आकडा सांगण्याआधी मोठं आतडं कुठे असतं, ते सांगायला हवं.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही. प्रमाण कमी आहे, तेव्हा सगळ्यांना दुर्बीण घालत सुटण्यात अर्थ नाही, हे मलाही पटतं. ब्रिटनमध्ये ठरावीक वयानंतर शौचाचा नमुना घ्यायची नळी पोस्टाने घरी येते. इथे तसं काही येणार नाही. म्हणून इथे सगळा भार येतो तो माणसाच्या स्वतःच्या अंदाजावर, आणि तो अंदाज कसा बनतो ते वर आलंच. घरात जवळच्या कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांशी बोलावं. लक्षणांना मात्र घराणंही लागत नाही आणि वयही नाही. रक्त, तीन-चार आठवडे बदललेली संडासाची सवय, जाऊन आल्यावरही साफ न झाल्याची भावना, विनाकारण उतरलेलं वजन. यांतलं काही टिकून राहिलं, तर तो सुरुवातीचा दुसरा प्रश्न आहे, तपासूनच उत्तर मिळणारा.

डॉक्टरकडे गेल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. आपण गॅस सांगतो, ॲसिडिटी सांगतो, रक्त शेवटी उंबऱ्यावर सांगतो. डॉक्टरही पडद्याआड दहा पेशंट बसलेले असताना बोटाने तपासायचं टाळतात. आव पडते म्हणून अमीबाच्या गोळ्यांचे तीन-तीन कोर्स होतात. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी हाताच्या बोटाला लागतात, आणि आपल्याकडे गुदाशयातल्या गाठींचं प्रमाण मोठं आहे. "रक्त पडतंय, दोन महिने झाले, आतून तपासा" एवढं आपणच म्हणावं.

काकांना शेवटी मुलीने धरून नेलं. दुर्बीण ठरली आणि खरी अडचण तिथे आली. आदल्या दिवशी पातळ खायचं, मग औषधाचं पाणी प्यायचं आणि रात्रभर धावायचं. आमच्या मजल्याला बारा बिऱ्हाडांत चार संडास, तेही गॅलरीच्या टोकाला. काका म्हणाले, "रांगेत उभा राहू का मी?" ही अडचण कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. मग ते मुलीकडे डोंबिवलीला गेले, तिच्या घरात संडास आहे. तिथूनच पहाटेच्या लोकलने, पोट पूर्ण रिकामं झाल्यावर, तिला बरोबर घेऊन आले.

मूळव्याध होतीच. तिच्या वर, पंधरा सेंटिमीटरवर, दीड सेंटिमीटरचा एक कोंब होता. तो काढला, तपासायला पाठवला, अजून कॅन्सर झालेला नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा बोलावलंय. काका आता चाळीत सांगतात, "म्हटलं होतं ना, मूळव्याधच आहे!"